स्त्रीबीजे किती, आणि स्त्रीबीजे कशी?

मागच्या वर्षावासात आमच्या तालुक्यातल्या एका विहारात ग्रंथवाचन संपले, बाया पांगल्या आणि एक मुलगी मागे थांबली. पिशवीतून तिने फाईल काढली. वय २६, लग्नाला चार वर्षे. फाईलमधल्या एकाच कागदावर कुणीतरी लाल पेनाने गोल केला होता : एएमएच ०.८. एका मोठ्या शहरातल्या सेंटरमध्ये तिला सांगितले होते, "अंडी संपत आली आहेत, दोन महिन्यांत ठरवा, नाहीतर दुसऱ्या बाईचे अंडे घ्यावे लागेल." सासरे दोन एकर गहाण टाकायला निघाले होते. तिचा प्रश्न एवढाच होता, "मावशी, माझ्यात काहीच उरलं नाही का?"

मी डॉक्टर नाही. प्रसूती विभागात आयुष्य काढलेली परिचारिका आहे. पण तो कागद मला वाचता येत होता. त्यावरचा आकडा खोटा नव्हता, त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा होता. अशा फाईली हल्ली बऱ्याच घरांत आहेत आणि त्या आकड्यावर जमिनी, दागिने, कधी कधी संसारही पणाला लागतात. म्हणून या वेळच्या आरोग्यपानावर हाच विषय घेतला आहे.

पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू रोज नवे तयार होतात. बाईचे तसे नाही. ती आपल्या आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी त्यांतली दहा ते वीस लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन ते पाच लाख. पुढे वाढत काही नाही, फक्त कमी होत जाते. सदतिशी-अडतिशीत साधारण पंचवीस हजार आणि पाळी कायमची जाते तेव्हा हजारभर. आपल्या देशात पाळी जाण्याचे सरासरी वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधी. तिकडच्या पुस्तकातला हिशोब आपल्या बायांना लावताना हे लक्षात ठेवलेले बरे.

एवढ्या साठ्यातून आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती फक्त चारशे-पाचशे बीजे. मग बाकीची जातात कुठे? दर महिन्याला बीजांचा एक घोळका वाढायला लागतो. त्यातले एक पुढे जाते, पिकते, बाहेर पडते. उरलेली त्याच महिन्यात जिरून जातात. बाई गरोदर असो, गर्भनिरोधक गोळ्या घेत असो, काहीही करो, ही गळ चालूच राहते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात जी इंजेक्शने देतात ती त्या महिन्याच्या घोळक्यातली, एरवी जिरून गेली असती ती बीजे वाढवतात. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला ती हात लावत नाहीत. "सुया घेतल्या की अंडी लवकर संपतात आणि पाळी लवकर जाते" असे आपल्याकडे बोलले जाते, त्यात तथ्य नाही. त्या भीतीने उपचार सोडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

आता मूळ मुद्दा. बीजे किती आहेत हा एक प्रश्न. ती कशी आहेत हा दुसरा. यवतमाळच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. झाडाला बोंडे किती लागली हे शेतात मोजता येते, पण भाव ठरतो तो धाग्याच्या लांबीवर आणि ओलाव्यावर. फरदडीलाही बोंडे लागतातच, म्हणून ती पहिल्या वेचणीच्या तोडीची होत नाहीत.

(कापसाची उपमा मी बीजांच्या मोजणीपुरतीच वापरते. बाईला शेत आणि पुरुषाला बीज म्हणण्याची रीत मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातली आहे. त्यातूनच पीक आले नाही की दोष जमिनीचा, हा विचार घराघरांत शिरला. सस्तन प्राण्यांच्या मादीचे बीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये शोधून दाखवले. बरोबर शंभर वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडला तो ग्रंथ जाळला. बीज दोघांचेही असते, हे तोपर्यंत विज्ञानाने सिद्ध केलेले होते. "वांझ" हा शब्द मात्र आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही.)

किती आहेत हे दोन तपासण्यांतून कळते. एक, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतले बारीक फुगे मोजतात. प्रत्येक फुग्यात एक बीज असते. दुसरी, रक्तातली एएमएच. हे संप्रेरक त्या बारीक फुग्यांच्या भोवतालच्या पेशी तयार करतात. फुगे जास्त तर एएमएच जास्त, फुगे कमी तर कमी. साधारण १.१-१.२ च्या खाली गेले की डॉक्टर "साठा कमी" म्हणतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा तात्पुरता खाली येतो. अंडाशयातली चॉकलेट सिस्ट काढण्याची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाची औषधे यांनी तो कायमचा खाली येऊ शकतो. पीसीओडी असलेल्या मुलींत तो खूप वर असतो, म्हणून त्यांची बीजे उत्तम, असा अर्थ होत नाही.

एएमएच कशाचा अंदाज देते? इंजेक्शने दिल्यावर किती बीजे हाती लागतील, याचा. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, याचा अंदाज ती देत नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे साडेसातशे स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात (तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला) एएमएच कमी असलेल्यांना आणि नसलेल्यांना दिवस राहण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. कारण सरळ आहे. महिन्याला लागते ते एक बीज. कोठारात दहा पोती असोत की शंभर, आजच्या भाकरीला पीठ तेवढेच लागते.

आणि बीज कसे आहे, हे सांगणारी रक्ताची तपासणी आजमितीला नाही. त्याचा सगळ्यात भरवशाचा निर्देशक म्हणजे बाईचे वय.

असे का? बीजाला आपल्या ४६ गुणसूत्रांतली निम्मी, म्हणजे २३, बाहेर टाकावी लागतात. ही विभागणी बाई आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि मध्येच थांबते. ज्या महिन्यात ते बीज पिकते त्या महिन्यात ती पुढे सरकते. म्हणजे चाळीस वर्षांच्या बाईचे बीज चाळीस वर्षे त्या अर्धवट अवस्थेत ताटकळलेले असते. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारे बंध तोवर सैल झालेले असतात, बीजाला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाही थकलेली असते. मग विभागणी चुकते. एखादे गुणसूत्र जास्त येते किंवा कमी पडते. अशा बीजापासून बहुतेकदा गर्भ राहतच नाही, राहिला तर पहिल्या तीन महिन्यांत पडतो. क्वचित बाळ होते ते डाऊन सिंड्रोमचे. पंचविशीत त्याचे प्रमाण साधारण बाराशे-तेराशे बाळंतपणांत एक असते, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक.

आता दोन बाया शेजारी उभ्या करा. एक २६ वर्षांची, एएमएच ०.८. दुसरी ४१ वर्षांची, एएमएच ३. कागदावर दुसरी जिंकते. प्रत्यक्षात पहिलीची बीजे थोडी आहेत, पण त्यांतली बहुतेक धड आहेत. दुसरीची पुष्कळ आहेत, पण त्यांतली निम्म्याहून अधिक गुणसूत्रांत चुकलेली असण्याची शक्यता आहे. पहिलीला घाबरवून कर्ज काढायला लावणे हा अन्याय. दुसरीला "रिपोर्ट छान आहे, बघू पुढच्या वर्षी" म्हणणे हाही अन्यायच, फक्त तो गोड बोलून केलेला.

कमी एएमएच दुर्लक्ष करण्यासारखे आहे, असे मात्र मी म्हणत नाही. त्या मुलीकडे इतरांपेक्षा वर्षे कमी आहेत. आयव्हीएफ करावे लागलेच तर एका वेळी बीजे कमी मिळतील. तेव्हा चार-पाच वर्षे नुसती वाट पाहू नये. पण वाट न पाहणे वेगळे आणि दोन महिन्यांत जमीन गहाण टाकणे वेगळे.

जास्त बीजे मिळवण्याचा हा खटाटोप सुरू कुठून झाला? जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मली, ती आईच्या त्या महिन्याच्या एकाच नैसर्गिक बीजापासून. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने मुलगी जन्मली. त्यांनी इंजेक्शने देऊन एकाहून अधिक बीजे पिकवली आणि गर्भ गोठवून नंतर ठेवला. आज जगभर हीच पद्धत चालते. त्यांच्यावर मात्र सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, अपमान आणि बदल्या वाट्याला आल्या आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली. तीच देशातली पहिली म्हणून नोंदली गेली. नंतर त्याच आनंद कुमारांनी मुखर्जींच्या वह्या वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितले की पहिला मान त्यांचा आहे. हाती आलेला मान दुसऱ्याला परत देणारी माणसे विज्ञानातही थोडीच असतात.

केईएम हे मुंबई महापालिकेचे, गोरगरिबांचे रुग्णालय. देशातली नोंदलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी तिथे जन्मली आणि तरीही आज हा उपचार बहुतांशी खाजगी सेंटरांच्या हातात आहे. एका खेपेला लाखाच्या वरच खर्च येतो. आयुष्मान कार्डावर तो होत नाही. गोव्यात बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये हा उपचार मोफत सुरू झाला. गोव्याला जमते ते महाराष्ट्राला का जमू नये, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारायला हरकत नाही.

आयव्हीएफमध्ये बीजांचे पुढे काय होते ते एकदा नीट समजून घ्या, कारण नेमके इथेच घरच्यांचा भ्रमनिरास होतो. आठ-बारा दिवस इंजेक्शने चालतात. सोनोग्राफीत समजा दहा फुगे दिसले. सुईने काढल्यावर आठ बीजे मिळाली. त्यांतली सहा-सात पिकलेली निघाली. पतीच्या शुक्रजंतूशी संयोग होऊन चार-पाच फळली. पाचव्या दिवसापर्यंत वाढून टिकले ते दोन गर्भ. हे सर्वसाधारण चित्र झाले, कुणाचे जास्त असते, कुणाचे शून्यही असते. दहाचे दोन झाले म्हणजे डॉक्टरने काही चोरले, असे नाही. प्रत्येक पायरीवर गळ असतेच. पहिल्या पायरीवर किती, हे संख्या ठरवते. पुढच्या पायऱ्यांवर किती टिकतात, हे मुख्यतः गुणवत्ता ठरवते, त्यात शुक्रजंतूची गुणवत्ताही आली.

मग बीजे जितकी जास्त तितके बरे का? ब्रिटनमधल्या चार लाख उपचार-खेपांचा हिशोब २०११ मध्ये मांडला गेला. साधारण पंधरा बीजांपर्यंत मूल होण्याची शक्यता वाढत जाते, पंधरा ते वीसला थबकते, विसाच्या पुढे घसरते, असे त्यात दिसले. शिवाय फार बीजे पिकवली तर अंडाशये सुजून पोटात पाणी भरण्याचा धोका असतो, विशेषतः पीसीओडीवाल्या बारीक अंगाच्या तरुण मुलींना. इंजेक्शनांच्या दिवसांत किंवा बीजे काढल्यावर पोट फुगले, श्वास लागला, लघवी कमी झाली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. "पंचवीस अंडी निघाली" अशी बढाई ऐकली की मला आधी त्या मुलीच्या तब्येतीची काळजी वाटते.

दुसऱ्या बाईचे बीज घेऊन गर्भ ठेवण्याची सोय आपल्या देशात जानेवारी १९९१ पासून आहे, तीही डॉ. हिंदुजांच्याच हातून सुरू झाली. ज्यांची पाळी तिशीतच कायमची गेली किंवा ज्यांची स्वतःची बीजे वापरून यश येत नाही, त्यांच्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. त्या पद्धतीने झालेली आई ही पूर्ण आईच. पण २६ व्या वर्षी, स्वतःच्या बीजावर एकदाही नीट प्रयत्न झालेला नसताना, फक्त एएमएच पाहून कुणी हे सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

याची दुसरी बाजूही आपल्या समाजाने नीट पाहिली पाहिजे. बीज देणारी बाई कोण असते? बहुतेकदा गरीब. २०२१ च्या सहायक जननतंत्र कायद्यानुसार बीजदाती २३ ते ३५ वयाची असावी लागते, आयुष्यात एकदाच बीज देता येते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. तिचा विमा उतरवणे बंधनकारक आहे. बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. कुणी दलाल वस्तीत येऊन "दहा-बारा दिवसांचे काम आहे, पैसे रोख" म्हणू लागला, आधारवरचे वय बदलून देतो म्हणाला, तर तो गुन्हा करतो आहे आणि सुया मात्र आपल्या लेकीच्या पोटात जाणार आहेत. कायद्याने सातच बीजे का पुरेशी मानली असतील, याचाही विचार करा. तरुण बाईची सात बीजे उतारवयाच्या पंधरांना भारी असतात.

गुणवत्ता वाढवून देतो म्हणणाऱ्यांचा बाजार मोठा आहे. पावडरी आहेत, महागड्या गोळ्या आहेत, स्वतःच्याच रक्तातला अर्क अंडाशयात टोचून "अंडाशय तरुण" करण्याची सुई आहे. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अशा जोड-उपचारांची छाननी केली आणि त्या सुईची शिफारस केली नाही. अंगारे, ताईत, बुवा यांच्याबद्दल या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगावे? एवढेच म्हणते की पांढरा कोट घातलेल्यालाही तोच प्रश्न विचारा जो आपण बुवाला विचारतो : पुरावा काय?

आपल्या हातात जे आहे ते साधे आहे आणि स्वस्त आहे. तंबाखू, मिसरी, गुल सोडणे. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायांची पाळी एक-दोन वर्षे आधी जाते हे सिद्ध आहे, आणि घरात दुसऱ्याने ओढलेला धूरही चांगला नाही. रक्त वाढवणे, वजन आटोक्यात ठेवणे, दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घेणे. यातून ४० वर्षांच्या बाईचे बीज पंचविशीचे होत नाही. पण आहे ते वाया जात नाही आणि गर्भाला चांगली जागा मिळते.

आणि खर्रा. पानठेल्यावर उभे राहून बायकोच्या रिपोर्टची चर्चा करणारे नवरे मी पाहिले आहेत. तंबाखू चघळण्याने शुक्रजंतूंची संख्या, हालचाल आणि आकार बिघडतो, हे आपल्याच देशातल्या अभ्यासांत दिसले आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडेही काही कारण असते. त्याची तपासणी काही शे रुपयांत, एका सकाळी, सुईशिवाय होते. तरी ती शेवटी होते किंवा होतच नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून खर्रा आज सोडला तर फरक तीन महिन्यांनी दिसेल.

विदर्भात आणखी एक तपासणी टाळू नये, ती सिकलसेलची. आपल्या भागात आदिवासींबरोबर बौद्ध समाजातही सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. वाहक बाईच्या निम्म्या बीजांत तो दोष असतो, आणि ती बीजे सूक्ष्मदर्शकाखाली इतरांसारखीच सुरेख दिसतात. सेंटरने "ए ग्रेड गर्भ" म्हटले तरी त्यातून सिकलसेल कळत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. बीज दुसऱ्या बाईचे घेतले तरी तिची ही तपासणी झाली आहे का, हे विचारावे. आणि बाई स्वतः सिकलसेलची रुग्ण असेल तर इंजेक्शने सुरू होण्याआधी ते सांगितलेच पाहिजे, कारण तिच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका आधीच जास्त असतो. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

सुरुवात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागातून करता येते. पाळीचा इतिहास, सोनोग्राफी, थायरॉईड, नळ्यांची तपासणी, पतीची तपासणी, गर्भाशयाच्या क्षयाची शंका असेल तर तीही. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच जावे. आयव्हीएफसाठी नागपूर-वर्धा-अमरावतीला जावेच लागले तर सेंटर कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते पाहा. "आमचा यशाचा दर सत्तर टक्के" असे सांगितले तर विचारा : कोणत्या वयाच्या बायांचा, स्वतःच्या बीजावर की दुसऱ्याच्या, आणि दिवस राहण्याचा की बाळ घरी नेण्याचा? ब्रिटनमध्ये सरकारी नियामक हे आकडे दरवर्षी उघड करतो. तिथे स्वतःच्या बीजावर पस्तिशीच्या आतल्या बायांना एका गर्भामागे शंभरात पस्तीसच्या आसपास बाळे होतात, त्रेचाळीस-चव्वेचाळीसला पाच-सहा. प्रत्येक खेपेचा कागद मागून घ्या : किती बीजे निघाली, किती पिकलेली होती, किती फळली, किती गर्भ झाले, किती गोठवले. तो तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तोच कागद लागतो.

विहारात थांबलेल्या त्या मुलीच्या फाईलमध्ये नवऱ्याचा एकही रिपोर्ट नव्हता. चार वर्षांत कुणी मागितलाच नव्हता. दिवाळीनंतर तो तपासणीला गेला, शुक्रजंतूंची संख्या बरीच कमी निघाली. तिच्या नळ्या मोकळ्या आहेत, सिकलसेल दोघांनाही नाही. डॉक्टरांनी त्याला औषध दिले आहे, खर्रा बंद करायला सांगितला आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठेवली आहे. गरज पडली तर तिच्याच बीजांवर आयव्हीएफ करू, असे सांगितले आहे. दोन एकर अजून सासऱ्यांच्याच नावावर आहेत. पुढची तारीख कापसाची शेवटची वेचणी झाल्यावरची मिळाली आहे.